नेट आठवड्यातून दोनदाच मिळत असेल तर ईमेल कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर तुम्ही आरोग्य प्रकल्पाचं काम करता. तिथे रेंज नाही. आठवड्यातून दोनदा धडगावला येता, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडता आणि ब्राउझरमध्ये जीमेल उघडता. हातात तास-दीड तास असतो. त्यातला बराचसा वेळ पान उघडण्यात जातो, फोटो जोडलेला अहवाल निम्म्यावर अडकतो, आणि पाड्यावर परतल्यावर मुख्य कार्यालयाने पत्रात नेमकं काय मागवलं होतं ते बघायला हाताशी काहीच नसतं. 'नेटचा वेग वाढवायला काही करता येईल का?' हा तुमचा प्रश्न.

वेगाचं फारसं काही करता येणार नाही, आणि माझ्या मते अडचण वेगाची नाहीच. पत्र वाचणं, त्यावर विचार करणं, उत्तर लिहिणं, जुनं पत्र शोधणं ही सगळी कामं तुम्ही नेटच्या वेळात करता आहात. यातल्या एकाही कामाला नेट लागत नाही. नेट लागतं ते फक्त देवाणघेवाणीला, आणि रोजची वीस-पंचवीस साधी पत्रं असतील तर ती हॉटस्पॉटवरही थोड्या मिनिटांत उरकते. तेव्हा मेल्स तुमच्या डिस्कवर राहायला हव्यात आणि धडगावला फक्त अदलाबदल व्हायला हवी.

कोकणात आणि घाटमाथ्यावर छोट्या संस्थांचे आणि बागायतदारांचे संगणक लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पावसाळ्यात तिथे वीज गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरीही संपते आणि गावंच्या गावं संपर्काबाहेर जातात. अशा ठिकाणी ईमेल व्यवस्थित चालते, कारण ती तशीच घडवलेली आहे. ज्या एसएमटीपी पद्धतीने आजही पत्रं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातात ती १९८२ साली मानक म्हणून ठरली. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र जवळ ठेवून साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. तुमच्या खात्यापर्यंत पोचलेलं पत्र तर तुम्ही याल तेव्हा तिथेच असतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाची पद्धत आठवणारे इथे असतील: फोन लावायचा, मेल्स उतरवायच्या, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचायच्या. तुम्हाला तीच शिस्त हवी आहे, साधनं मात्र आता पुष्कळ चांगली आहेत.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. खातं तुमचं एकट्याचं आहे की संस्थेचं आणि चारजण उघडतात? तेच खातं तुम्ही फोनवरही बघता का? लॅपटॉप दुसरं कोणी वापरतं का? तुमच्या वर्णनावरून मी असं धरते की खातं जीमेलचं आहे, फोनवरही तेच आहे, आणि लॅपटॉप विंडोजचा असून तुमच्याच ताब्यात असतो. यात फरक असेल तिथे पुढचा सल्ला बदलेल, ते त्या त्या ठिकाणी सांगते.

सगळ्यात सोपा पर्याय क्रोममधला आहे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' नावाचा भाग आहे. तो चालू केला की ७, ३० किंवा ९० दिवसांच्या मेल्स ब्राउझरमध्ये साठतात, नेट नसताना वाचता येतात, आणि लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबतं. ज्यांचं नेट अधूनमधून तासाभरासाठी जातं त्यांना एवढं पुरतं. तुम्हाला पुरणार नाही. ९० दिवसांपलीकडचं पत्र मिळणार नाही, आणि कोणी 'लॅपटॉप हळू झालाय' म्हणून ब्राउझरचा साठवलेला डेटा पुसला तर सगळंच जाईल.

म्हणून मी थंडरबर्ड हा लॅपटॉपवर चालणारा ईमेलचा प्रोग्रॅम बसवायला सांगेन. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं, आणि नेट नसताना काम करण्याची सोय त्यात पहिल्यापासून आहे. खातं जोडताना ते आयमॅप की पॉप असं विचारेल; सर्व्हरवरून मेल्स आणायच्या या दोन पद्धती आहेत. आयमॅप घ्या. पॉपला सर्व्हरवरची फोल्डरं कळत नाहीत, आणि लॅपटॉपवर वाचलेलं, फोल्डरमध्ये लावलेलं काय हे फोनला कळत नाही. आयमॅपमध्ये दोन्हीकडे एकच चित्र राहतं. लॅपटॉपचं चित्र फक्त शेवटच्या देवाणघेवाणीपर्यंतचं असतं. सर्व्हरवर जागा अगदी कमी असेल आणि खातं एकाच संगणकावर वापरायचं असेल, तरच मी पॉप लावून देते.

इथे पहिला खड्डा आहे, आणि नव्याने आयमॅप लावणाऱ्या बहुतेकांचा पाय त्यात जातो. मेल्सची यादी दिसते, विषय दिसतात, म्हणजे मेल्स उतरल्या असं वाटतं. पण यादी म्हणजे नुसते मथळे. आतला मजकूर आणि अटॅचमेंट उतरलेली असेलच असं नाही. पाड्यावर जाऊन क्लिक केलं की 'या पत्राचा मजकूर उतरवलेला नाही' असा निरोप येतो. त्यासाठी अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा आणि या खात्यातल्या मेल्स संगणकावर ठेवायची खूण आहे ना ते बघा. तिथेच 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटणामागे फोल्डरांची यादी आहे. इनबॉक्स, सेंट आणि तुम्हाला लागणारी फोल्डरं निवडा, स्पॅम आणि ट्रॅश सोडा. त्याच पानावर 'अलीकडच्या इतक्या दिवसांच्याच मेल्स' असं ठरवता येतं. डिस्कवर जागा असेल तर ही मर्यादा घालूच नका. मागच्या वर्षीचं पत्र लागतं ते नेमकं नेट नसताना. अमुक केबीपेक्षा मोठी मेल उतरवू नको, अशीही एक सोय तिथे आहे. तुमचा हॉटस्पॉट फारच हळू असेल तर तिथे १०,००० केबीच्या आसपासचा आकडा घाला, त्याहून लहान नको, नाहीतर साधी स्कॅन केलेली परिपत्रकंही बाहेर राहतील.

त्याच पानाच्या खालच्या भागात जागा वाचवण्यासाठी जुन्या मेल्स पुसण्याचा पर्याय आहे, त्याला हात लावू नका. तो सर्व्हरवरच्या मूळ मेल्सही कायमच्या पुसतो. तिथे 'कोणतीही मेल पुसू नका' हेच निवडलेलं असलं पाहिजे.

जीमेलचं एक वेगळं प्रकरण आहे. त्यात खरी फोल्डरं नसतात, लेबलं असतात, आणि 'ऑल मेल' मध्ये सगळंच पुन्हा दिसतं. ते उतरवायला लावलं तर पहिल्यांदा खूप वेळ जातो. पण तुम्ही फोनवर मेल 'अर्काइव्ह' करत असाल, म्हणजे बाजूला सरकवून यादीतून घालवत असाल, तर ती इनबॉक्समधून निघून फक्त 'ऑल मेल' मध्ये उरते आणि लॅपटॉपवरून गायब झाल्यासारखी वाटते. म्हणून एक काहीतरी ठरवा. मी बहुतेकांना सांगते की फोनवर अर्काइव्ह करणं बंद करा आणि 'ऑल मेल' उतरवू नका. जीमेलच्या लेबल सेटिंग्जमध्ये 'आयमॅपमध्ये दाखवा' ही खूण काढली की ते थंडरबर्डमध्ये दिसतही नाही.

आता लिहिण्याची बाजू. अकाउंट सेटिंग्जमधल्या 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये ड्राफ्ट्सची जागा 'लोकल फोल्डर्स' करा. थंडरबर्ड दर काही मिनिटांनी कच्चा मसुदा जपून ठेवतं. तो सर्व्हरवर ठेवायचा असेल तर हॉटस्पॉट चालू असताना प्रत्येक वेळी तो वर चढत राहतो. त्याच पानावर पाठवलेल्या मेलची प्रत ठेवायची खूण असते. जीमेलच्या सर्व्हरवरून मेल गेली की जीमेल स्वतःच प्रत सेंटमध्ये ठेवतं, त्यामुळे ती खूण काढलेली असू द्या. नाहीतर तीच अटॅचमेंट दोनदा वर चढेल, एकदा पाठवताना आणि एकदा प्रत ठेवताना. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मात्र ही खूण बहुधा लागते, तेव्हा आधी स्वतःलाच एक मेल पाठवून सेंटमध्ये काय दिसतं ते पाहा.

पाड्यावर उत्तर लिहून पाठवलं की ते आउटबॉक्समध्ये थांबतं. पुढच्या वेळी नेट मिळाल्यावर ते आपोआप जावं का? माझं स्पष्ट मत आहे की जाऊ नये. सोमवारी रात्री तुम्ही 'शिबिर गुरुवारी घेऊ' असं लिहिलंत, आणि दरम्यान कार्यालयाने तारीख बदलल्याचं पत्र येऊन पडलेलं असेल, तर तुमचं जुनं उत्तर बाहेर पडून सगळ्यांचा गोंधळ उडवेल. म्हणून सेटिंग्जमध्ये जनरलच्या तळाशी 'नेटवर्क अँड डिस्क स्पेस' मधलं 'ऑफलाइन' बटण उघडा. तिथे तीन गोष्टी ठरवा: थंडरबर्ड नेहमी ऑफलाइनच सुरू व्हावं, ऑनलाइन जाताना थांबलेल्या मेल्स पाठवण्याआधी विचारावं, आणि ऑफलाइन जाताना मेल्स उतरवून घ्याव्यात. शिवाय उत्तराच्या पहिल्या ओळीत तारीख लिहायची सवय लावा, 'हे सोमवारी रात्री लिहितो आहे' असं. वाचणाऱ्याला संदर्भ कळतो आणि तुम्ही दोन दिवस उत्तर का दिलं नाही हा प्रश्न उरत नाही.

तर धडगावला बसल्यावरचा क्रम असा होतो. आधी ऑनलाइन जा, पाठवू का विचारलं तर नाही म्हणा, आणि नव्या मेल्स उतरू द्या. त्यांच्यावरून भराभर नजर फिरवा आणि आउटबॉक्समधलं एखादं उत्तर बदलायला हवंय का ते बघा. मग फाइल मेनूतल्या 'ऑफलाइन' मध्ये 'डाउनलोड/सिंक नाउ' घ्या. त्यात मेल्स उतरवणे, थांबलेल्या मेल्स पाठवणे आणि झाल्यावर ऑफलाइन होणे अशा खुणा आहेत; तिन्ही लावा आणि हॉटस्पॉटला हे एकच काम करू द्या. आउटबॉक्समध्ये एखादी जड मेल असेल तर ती मात्र आधी मसुद्यात हलवून ठेवा. हलकी पत्रं निघून जाऊ द्या, मग ती एकटी पाठवा.

जड मेलचं गणित समजून घेणं फार उपयोगाचं आहे. अटॅचमेंट मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. फोनवरचे पाच फोटो प्रत्येकी ३ एमबीचे असतील तर १५ एमबीची मेल प्रत्यक्षात २० एमबी होते. हॉटस्पॉटवर वर चढवायचा वेग २०० केबीपीएस (सेकंदाला २०० किलोबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) मिळत असेल, आणि तिथे तेवढा मिळाला तरी बरा, तर तिला सव्वातेरा मिनिटं लागतात, तीही मध्ये एकदाही खंड पडला नाही तर. आणि खंड पडला तर एसएमटीपीला जिथे तुटलं तिथून पुढे नेणं येत नाही. मेल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमची मेल निम्म्यावर अडकून पुन्हा पुन्हा तोच वेळ खाते, त्याचं कारण बहुधा एवढंच आहे. हेच पाच फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल करून घेतले तर प्रत्येकी साधारण ४०० केबीचे होतात, आणि पाचही दोन मिनिटांच्या आत जातात. अहवालात छापायला तेवढा आकार भरपूर होतो. इरफानव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर शेकडो फोटो एका फटक्यात लहान करतं, नेट न लागता, पाड्यावर संध्याकाळी बसून. त्याउपर मोठं काही असेल तर एका मेलमध्ये एक फाइल असं तोडून पाठवा, म्हणजे तुटलं तरी तेवढंच पुन्हा जाईल. खरोखरच मोठं, म्हणजे व्हिडिओ वगैरे, असेल तर पेनड्राइव्ह शहाद्याला किंवा नंदुरबारला जाणाऱ्या कोणाच्या हाती द्या. तो मार्ग कमीपणाचा अजिबात नाही.

उलट दिशेने एक सूचना कार्यालयाला द्या: तुम्हाला पाठवताना ड्राइव्हची लिंक पाठवू नका, फाइल जोडा. लिंक पाड्यावर उघडत नाही आणि थंडरबर्ड तिच्यामागची फाइल उतरवत नाही. तसंच सरकारी कार्यालयांतून येणारी काही पत्रं अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट लॅपटॉपवर नसेल तर समोर नुसती खिचडी दिसते आणि नेट नसताना फॉन्ट शोधायचा कुठून? ज्या कार्यालयांशी तुमचा पत्रव्यवहार आहे त्यांचे फॉन्ट एकदाच मागून घ्या, किंवा त्यांना पीडीएफ पाठवायला सांगा.

हॉटस्पॉटवर आणखी कोण नेट खातं तेही बघा. विंडोजला तुमची निकड कळत नाही. जोडणी मिळाली की ते स्वतःचे अपडेट उतरवायला लागतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून वापरायची जोडणी, करा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह चालू असतील तर तेवढा वेळ थांबवा. आणि थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये एकाच वेळी उघडायच्या जोडण्यांची संख्या ५ असते, ती २ करा. कमजोर रेंजवर पाच जोडण्या एकमेकींच्या पायात येतात.

लॉगिनचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो नक्की येईल. गूगल अधूनमधून पुन्हा ओळख पटवायला सांगतं आणि ओटीपीचा एसएमएस वेळेवर येईलच असं नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. ते आकडे फोनमध्येच तयार करतं, त्याला रेंज लागत नाही, फोनचं घड्याळ बरोबर असलं की झालं. शिवाय गूगल १० बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळे ठेवा.

आता जपण्याच्या गोष्टी, आणि यात मी ऐकून घेणार नाही. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य कार्यालयातल्या कोणी त्याच खात्यातून 'जुनं साफ करू' म्हणून मेल्स पुसल्या, तर पुढच्या सिंकला त्या तुमच्या लॅपटॉपवरूनही जातील. जपायची पत्रं 'लोकल फोल्डर्स' मध्ये कॉपी करा, 'मूव्ह' नव्हे 'कॉपी', आणि महिन्यातून एकदा थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर (मेल्स आणि सेटिंग्ज जिथे साठतात ते) बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि थंडरबर्ड प्रत्येक फोल्डर एकाच फाइलमध्ये साठवत असल्याने मोठा इनबॉक्स तिथे अडतो. तो एक्सफॅट करून घ्या.

वीज अचानक जाऊन लॅपटॉप बंद पडला की कधी कधी यादी आणि मजकूर यांचा मेळ चुकतो. एक पत्र उघडलं तर दुसरंच दिसतं. इंटरनेटवर सगळीकडे उपाय सांगितलेला असतो, 'रिपेअर फोल्डर'. उपाय बरोबर आहे, पण आयमॅपच्या फोल्डरवर तो चालवला की उतरवलेल्या मेल्स पुन्हा पहिल्यापासून उतरवाव्या लागतात. पाड्यावर ते बटण दाबलंत तर हातात होतं तेही जाईल. चांगलं नेट असलेल्या जागी पोचेपर्यंत थांबा.

तुमच्या मेल्समध्ये रुग्णांची नावं आणि तपासण्या असणार, म्हणून हेही सांगते. थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड फक्त साठवलेले पासवर्ड झाकतो, मेल्स नाही. लॅपटॉप हरवला तर डिस्क काढून कोणीही त्या वाचू शकतं. पूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय तुमच्या आवृत्तीत आहे का ते बघा आणि असेल तर चालू करा, तिची रिकव्हरी की कागदावर घेऊन. नसेल तर संस्थेकडे तशी मागणी करा. ही मागणी रास्त आहे.

पहिली मोठी उतरवणी मात्र धडगावच्या हॉटस्पॉटवर करू नका. काही जीबी मेल्स असतील तर नंदुरबारला किंवा जिथे वायफाय आहे तिथे एक रात्र लॅपटॉप लावून ठेवा, झोपी न जाण्याची सेटिंग करून. जीमेल आयमॅपवरून एका दिवसात साधारण अडीच जीबीच उतरवू देतं, त्यामुळे खातं मोठं असेल तर एका रात्रीत भागणार नाही; काम मध्येच थांबलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू होईल. निघण्याआधी थंडरबर्डच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात खाली असलेल्या चिन्हावर क्लिक करून मुद्दाम ऑफलाइन व्हा, वायफाय बंद करा, आणि सहा महिन्यांपूर्वीची अटॅचमेंटवाली दोन-चार पत्रं उघडून बघा. उघडली तर निघा. नाही उघडली तर कोणतं फोल्डर राहिलं ते कळेल आणि नेट तिथे असतानाच दुरुस्त करता येईल.

खातं जीमेलचं नसून संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरचं निघालं, तर त्यांच्या संगणक सांभाळणाऱ्याकडून आयमॅप आणि एसएमटीपी सर्व्हरची नावं घ्या. आयमॅपचं पोर्ट बहुधा ९९३ आणि पाठवण्याचं ४६५ किंवा ५८७ असतं. तेवढं आणि खात्याचा एकूण आकार इथे लिहिलात तर पुढचं सांगते.